माझा शब्द, त्यांच्या तोंडी

माझ्या सासऱ्यांना 'ॲक्च्युअली' या शब्दाचा मनापासून राग होता, आणि मला तो तोंडात आल्याशिवाय वाक्यच सुरू करता येत नव्हतं. लग्नाआधी त्यांना पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा ते आपल्या फोटो-फ्रेमच्या दुकानात काच कापत उभे होते. मी घसा खाकरून म्हणालो, "ॲक्च्युअली, मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय." त्यांनी कटर खाली ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "आणि ॲक्च्युअली नसताना काय करायचंय?" मुलगी दिली त्यांनी, पण पुढे कितीतरी वर्षं ते माझ्याकडे असे बघायचे, की जणू त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून यायचं राहिलंय.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्याला खरं बोलायचंय तो खरं बोलून मोकळा होतो, 'आता खरं सांगतो हं' असं आधी जाहीर करत नाही. ते स्वतः कमी बोलत. गिऱ्हाइकांशी त्यांचं सगळं बोलणं 'बरं', 'बघू' आणि 'आज नाही, उद्या या' एवढ्यात आटपायचं. मी घरी गेलो आणि माझ्या तोंडून तो शब्द निसटला, की स्वयंपाकघराकडे तोंड करून ते सासूबाईंना सांगायचे, "आलं गं. आता जावईबापू थाप मारणार." सासूबाई आतून हसायच्या. मीही हसायचो, कारण दुसरं काय करणार, पण मनातून मला लागायचं.

माझी बाजूही ऐकून घ्यायला हवी. मी वॉशिंग मशीनच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरला बसतो, आणि माझं पोटच या शब्दावर चालतं. डिक्शनरीत त्याचा अर्थ 'वस्तुतः' किंवा 'प्रत्यक्षात' असा दिलेला असतो. डिक्शनरी लिहिणारा माणूस कधी तक्रारीच्या काउंटरला बसलेला नसावा. गिऱ्हाईक तावातावाने सांगतं की मशीन अजून वॉरंटीत आहे. मी म्हणतो, "ॲक्च्युअली, वॉरंटी मोटारीची होती, ड्रमची नव्हती." इथे तो शब्द दारातल्या पायपुसण्याचं काम करतो, मागून येणाऱ्या 'नाही'ला पाय पुसून आत यायला मदत करतो. साहेबांनी अचानक काही विचारलं की तोच शब्द लांबवायचा, तेवढ्यात उत्तर सुचतं. बायकोला "ॲक्च्युअली मी विसरलो नव्हतो" म्हटलं की मी विसरलो होतो हे तिला कळतं आणि भांडण निम्म्यावर येतं. आणि कोणासाठी पदरमोड करून, रजा टाकून काही केलं आणि त्याने विचारलं की फार त्रास झाला का, तर "नाही हो, ॲक्च्युअली त्याच बाजूला येणार होतो" असं म्हणायला दुसरा कुठला शब्द आहे? एवढ्या कामाचा शब्द मी काय म्हणून सोडायचा?

सासऱ्यांना झटका आला तो दुकानातच. काच कापता कापता कटर हातातून गळून पडला आणि ते टेबलाला टेकत खाली बसले. शेजारच्या मेडिकलवाल्याने पाहिलं म्हणून हॉस्पिटल वेळेत गाठता आलं. उजवी बाजू गेली होती. पाय पुढे पुढे बराच सुधारला, हात फारसा नाही. आणि वाचा गेली. आम्ही सगळे पलंगाभोवती उभे होतो, सासूबाई त्यांचा हात धरून "अहो, बोला ना काहीतरी" म्हणत होत्या, आणि त्यांनी डोळे उघडून, ओठ कष्टाने हलवून, अगदी स्पष्ट उच्चारलं, "ॲक्च्युअली."

माझ्या बायकोला हसू फुटलं आणि त्या हसण्याचंच रडू झालं. मेहुणा माझ्याकडे वळून बघायला लागला. संसर्गाचा रोग घेऊन पेशंटला भेटायला आलेल्याकडे बघावं तसं त्याचं बघणं होतं. सासऱ्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच शब्द आला. तो ऐकून त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरू शकत नाही. आपल्याच घराचं दार उघडावं आणि आत नावडता पाहुणा पाय पसरून बसलेला दिसावा, तसे ते चकित आणि हताश झाले होते.

स्पीच थेरपीच्या मॅडमनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. बाबांना सगळं कळतं, काय बोलायचं तेही ठाऊक असतं, पण शब्द बाहेर येताना वाट चुकतात आणि दर वेळी हाच एक शब्द दाराशी येतो. काही पेशंटचं असं होतं. हाच शब्द का, ते कोणी सांगू शकत नाही. लिहिणंही त्याच झटक्यात गेलंय. मानेने 'हो-नाही' सांगितलं तर त्यावर फार विसंबू नका, तेही सध्या उलटसुलट होतंय. त्यांनी हे आमच्यासमोर दाखवूनही दिलं. चमचा हातात धरून विचारलं, हा कंगवा आहे का? बाबांनी मान हलवली, हो. हा चमचा आहे का? तेव्हाही हो. मग स्वतःचीच चूक कळून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मॅडमनी चित्रांचा एक तक्ता दिला होता, पाणी, पलंग, पंखा, संडास, बोट ठेवा आणि सांगा. सासऱ्यांनी तो एकदा पाहिला आणि डाव्या हाताने बाजूला सारला. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची चित्रं चौकटीत बसवली, त्याला स्वतःची तहान चित्रावर बोट ठेवून सांगायची नव्हती. निदान मी तरी तसा अर्थ काढला.

आणि अर्थ काढण्यात मी लवकरच वस्ताद झालो. घरी आणल्यावर एका संध्याकाळी ते सारखे "ॲक्च्युअली, ॲक्च्युअली" करत होते. सासूबाईंनी पाणी दिलं, उशी दिली, पंखा वाढवला, कमी केला. मी ऐकत होतो. तो सूर माझ्या ओळखीचा होता. समोरचा भलतंच समजतोय आणि त्याला न दुखवता थांबवायचंय, तेव्हा मी काउंटरवर असाच पहिलं अक्षर ओढून म्हणतो. मी म्हणालो, "त्यांना काही नकोच आहे. काहीतरी बंद करायचंय." टीव्हीवर मेहुण्याच्या पोरांनी लावलेलं काहीतरी कोकलत होतं. तो बंद केला आणि सासऱ्यांनी डोळे मिटून सुस्कारा टाकला. बायको माझ्याकडे कौतुकाने बघायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कौतुक माझ्या वाट्याला फारसं आलेलं नाही.

तेव्हापासून मी घरचा दुभाषा झालो. माझा भाव वधारला. कामावर असताना बायकोचा फोन यायचा, "बाबा काहीतरी म्हणतायत, ऐक." ती फोन त्यांच्या तोंडाशी धरायची आणि इकडे काउंटरसमोर दोन गिऱ्हाइकं तुंबलेली असताना मी फोनमध्ये म्हणायचो, "बाबा, पुन्हा एकदा म्हणा. जरा सावकाश." मग निकाल द्यायचो. चादर बोचतेय. खिडकी उघडा. कोणीतरी आलं होतं त्याची आठवण झालीय. बऱ्याचदा जमायचं. जमलं नाही की मी म्हणायचो, फोनवर आवाज नीट येत नाही.

सासूबाईंना हे आवडत नव्हतं. त्यांनी कधी तोंडावर म्हटलं नाही, पण एकदा मी आत पाणी प्यायला गेलो तर त्या ओट्याशी उभ्या राहून मुलीला सांगत होत्या, "सगळा जन्म यांच्याबरोबर काढला. आणि आता माझा नवरा काय म्हणतो ते मी जावयाला विचारायचं." मी पाणी न पिताच परत फिरलो. पण दुभाषेपण सोडलं नाही. सासऱ्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे आशेने बघायला सुरुवात केली होती, आणि ते मला हवं होतं.

दुकानाचा विषय मेहुण्याने काढला. मेहुणा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. तिथल्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो, त्यामुळे समोरच्याला चालवू दिल्याचं दाखवत आपलीच गाडी चालवायची, ही सवय त्याला लागलीय. शेजारच्या मेडिकलवाल्याला जागा वाढवायची होती. त्याने विचारलं होतं, आणि तो फार दिवस थांबणार नव्हता. मेहुणा म्हणाला, "बाबा आता परत काच कापणार आहेत का? दुकान बंद पडून धूळ खातंय. देऊन टाकलं तर आईलाही जरा मोकळा श्वास घेता येईल. मी बाबांना विचारलं. बाबा हो म्हणाले."

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणजे, आता ते दुसरं काय म्हणणार, भाऊजी? ॲक्च्युअली म्हणाले. पण मान हलवली."

माझं डोकंच फिरलं. चमच्याला कंगवा म्हणणाऱ्या त्या मानेवर हा माणूस बापाचं दुकान द्यायला निघाला होता. दुकान तसं केवढंसं, एक टेबल, पट्ट्यांचा रॅक आणि भिंतभर चौकटी, पण ते त्यांनी स्वतःच्या हाताने उभं केलं होतं. उद्या तिथे औषधांची कपाटं लागली असती आणि नको म्हणायला त्यांच्याकडे शब्दसुद्धा नव्हता. जो होता तो माझा होता. मी म्हणालो, "सगळ्यांसमोर विचारू. काय म्हणतात ते मी सांगतो." मेहुणा म्हणाला, "तुम्हीच सांगणार ना. तुम्ही म्हणाल तेच ते म्हणाले असं होणार." तेव्हा मला हे बोलणं खवचट वाटलं.

रविवारी सगळे जमलो. सासरे खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर उजवा हात ठेवून बसलेले. मेहुण्याने खुर्ची ओढून त्यांच्या समोर घेतली आणि शिकाऊ ड्रायव्हरला सांगावं तसं एकेक वाक्य सुटं करून विचारलं. मेडिकलवाला जागा मागतोय. दुकान त्याला द्यायचं का? सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "ॲक्च्युअलीऽ." सुरुवात वर, मग खाली उतरत आलेलं, शेवट हलकासा लांबवलेला.

मला क्षणाचाही विचार करावा लागला नाही. हा माझाच सूर होता, काउंटरवरचा, 'नाही'च्या आधीचा. "नाही म्हणतायत," मी म्हणालो. "त्यांना द्यायचं नाहीये. तुम्ही दुखावू नये म्हणून स्पष्ट म्हणत नाहीयेत."

"वा," मेहुणा म्हणाला. "एका शब्दात एवढं सगळं?"

"तुमच्या 'हो'पेक्षा कमीच आहे."

मग आमचं जुंपलं. मी म्हणालो की तुम्हाला सोयीचं तेच ऐकू येतं. तो म्हणाला की दुकानाच्या पायऱ्या चढायला त्यांना हात कोण देणार आहे, तुम्ही येणार आहात का मशीनची वॉरंटी सोडून? सासरे मधे बोलले, तोच शब्द, त्याच सुरात, जरा मोठ्याने. मी म्हणालो, बघा. मेहुणा म्हणाला, काय बघा? ते पुन्हा बोलले, या वेळी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा आपटत. "आता रागाने नाही म्हणतायत," मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नाआधीचा तो दिवस मला आठवला. माझी बायको म्हणाली, "तुम्ही दोघं आधी गप्प बसा. ते तुमच्याशीच बोलतायत आणि तुम्ही एकमेकांशी भांडताय."

सासूबाई इतका वेळ दाराला टेकून उभ्या होत्या. त्या हात पुसत पुढे आल्या, नवऱ्याच्या खुर्चीशेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा म्हणा."

त्यांनी म्हटलं. सासूबाईंनी डोळे मिटले. मग ओठ न उघडता, नुसत्या नाकातून, त्यांनी तीच चाल गुणगुणून दाखवली. वर, खाली, शेवटी थोडी लांब. पुन्हा एकदा गुणगुणली, आणि दुसऱ्या वेळी त्यावर शब्द ठेवले, "आज नाही, उद्या याऽ."

सासऱ्यांचा आपटणारा हात थांबला.

"हे ना?" सासूबाईंनी विचारलं. "दुकानात म्हणायचात ते. मी डबा घेऊन यायची तेव्हा दर वेळी कानावर पडायचं." मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता. "जावईबापू, शब्द तुमचा आहे, म्हणून तो ऐकला की तुम्हाला तुमचंच बोलणं आठवतं. पण त्यांनी तो जन्मात कधी वापरलेला नाही. त्यांना तो कसा वापरायचा तेच ठाऊक नाही. ते त्यांचंच बोलतायत, त्यांच्या चालीवर. तोंडातून शब्द तेवढा तुमचा पडतो. मीसुद्धा इतके दिवस शब्दच ऐकत बसले."

मला फार वाईट वाटलं. एक शब्द काय तो माझा होता, त्यातही मी त्यांच्या तोंडून स्वतःलाच ऐकत आलो होतो. मेहुण्याने माझ्याकडे बघितलं, पण तो काही बोलला नाही, हे मान्य करायला हवं.

"उद्या या कोणाला म्हणताय?" सासूबाईंनी नवऱ्याला विचारलं. "मेडिकलवाल्याला?" ते तो शब्द म्हणाले, तुटक. "बरं, तो तर तो. पण उद्या कशाला? आज का नाही?" त्यावर ते जे बोलले ते लांबलचक होतं, एकच शब्द कितीतरी वेळा, वरखाली, मधे मधे थांबून, डावा हात हवेत काहीतरी चौकोनी दाखवत. सासूबाई तो हात बघत होत्या. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "घेतलेली कामं राहिलीत का हो?"

सासऱ्यांचा चेहरा सैल पडला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. खोलीतल्या कोणालाही आता दुभाषा लागत नव्हता.

आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. झटका आला त्या दिवशी दुकानात लोकांची चित्रं होती. कोणाचा लग्नातला फोटो, कोणाचं प्रमाणपत्र, कोणी मेलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो मोठा करून आणून दिलेला. ही माणसं येऊन, बंद शटर बघून परत गेली असणार. आम्ही दुकान द्यायचं की ठेवायचं यावर भांडत होतो, आणि ते इतके महिने पडल्या पडल्या त्या लोकांना मनातल्या मनात उद्या या, उद्या या म्हणत होते.

दुसऱ्याच दिवशी दुकान उघडलं. मेहुण्याने रजा काढली, मीही जमेल तशा रजा टाकत गेलो. किल्ली सासऱ्यांनी स्वतःकडे मागून घेतली. सकाळी ते ती मेहुण्याला द्यायचे, तो शटर उघडायचा आणि संध्याकाळी बंद केल्यावर ते हात पुढे करून परत घ्यायचे. मेडिकलवाल्याला सांगितलं, थोडा धीर धरा. तो म्हणाला, माझ्याही आईचा फोटो आत आहे, मी काय घाई करणार?

काम सोपं नव्हतं. सासरे स्टुलावर बसायचे आणि आम्ही त्यांच्या डाव्या हाताच्या तालावर चालायचो. मी पट्टीचा पहिला कोपरा कापला तो इतका वाकडा, की जोडल्यावर सांध्याच्या फटीतून बोट आरपार गेलं. सासऱ्यांनी तो तुकडा माझ्या हातातून काढून घेतला, बराच वेळ निरखला आणि तो शब्द म्हणाले. त्याचा अर्थ मी कोणाला विचारला नाही. मला काचा पुसायचं आणि फ्रेमच्या मागे खाकी कागद चिकटवायचं काम मिळालं, आणि ते मी चोख केलं.

कोपरे मेहुण्याकडे गेले. लहानपणी तो दुकानात लुडबुड करायचा आणि बाप त्याला बाहेर काढायचा, कारण काचा असतात, हात कापेल. पुढे तो आपण होऊन फिरकला नाही. मला हे त्या दिवसांत कळलं, खाकी कागद चिकटवता चिकटवता. करवत त्याने पहिल्यांदाच हातात घेतली. इथे त्याच्या पायाशी ब्रेक नव्हता, ब्रेक बापाकडे होता. सासरे "ॲक्च्युअली" म्हणायचे की तो हात थांबवायचा आणि आईकडे बघायचा. आई सांगायची, जरा कमी. उलटी धर. दाबू नकोस, सरकव. थोड्या दिवसांनी तिने सांगायच्या आधीच त्याचा हात बदलायला लागला. मग ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून वाती कराव्यात तशी शांतपणे फ्रेमच्या मागे बांधायच्या दोऱ्या कापत बसायची आणि बापलेकांच्या मधे पडायची नाही.

गिऱ्हाइकं यायला लागली. मला भीती होती की ती कानकोंडी होतील, किंवा मोठ्याने बोलतील, बहिऱ्याशी बोलावं तसं. तसं फारसं झालं नाही. एक म्हातारी बाई आपल्या नातवाने काढलेल्या बोटीच्या चित्रासाठी आली. सासरे तिला त्या एकाच शब्दात काहीतरी सांगत राहिले, आणि ती म्हणाली, "हो ना, उशीर झालाच, पण तुमची तब्येत महत्त्वाची. नातू आता जहाजं काढायला लागलाय." सासरे पुन्हा बोलले. ती हसली आणि पुढचं सांगत बसली. ती गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं, तिला कसं कळलं? त्या म्हणाल्या, "कळलं कुठे? दुकानदार आणि गिऱ्हाईक आणखी काय बोलणार, तेच बोलले."

त्या दिवसांत माझ्यातही काही बदल झाला असावा. काउंटरवर माणसं चिडून बोलायला लागली की मी त्यांचे शब्द सोडून चालीकडे लक्ष द्यायला लागलो, आणि कित्येकदा असं दिसलं की आरडाओरडा मशीनबद्दल नव्हताच. घरी कोणी आजारी होतं आणि चादरी धुवायच्या खोळंबल्या होत्या. ॲक्च्युअली मी अजूनही म्हणतो. पायपुसणं लागतंच. पण त्याच्यामागून येणारं 'नाही' जरा हलक्या पावलांनी यायला लागलं.

शेवटची फ्रेम मेडिकलवाल्याच्या आईची होती. सासऱ्यांनीच ती शेवटी ठेवायला लावली. मेहुण्याने चारही कोपरे कापले, जोडले, गोंद लावून रात्रभर दाबून ठेवले. सकाळी फ्रेम बापाच्या मांडीवर नेऊन ठेवली आणि समोर उभा राहिला. एवढा मोठा माणूस, ज्याच्या हाताखाली अर्ध्या गावाने गाडी शिकली, तो परीक्षेला बसल्यासारखा उभा होता. सासऱ्यांनी डाव्या हाताचा अंगठा एकेका कोपऱ्यावरून फिरवला. सावकाश, चारही कोपऱ्यांवरून. मग फ्रेम माझ्याकडे दिली, पुसायला.

मी काच पुसली, मागे कागद लावला, सासूबाईंनी दोरी बांधली. मेडिकलवाला येऊन फ्रेम घेऊन गेला. जाताना त्याने जागेबद्दल एक अक्षर काढलं नाही. टेबल रिकामं झालं. रॅकमध्ये उरलेल्या पट्ट्या होत्या आणि जमिनीवर भुसा. मेहुण्याने केरसुणी घेतली आणि भुसा गोळा केला, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

संध्याकाळी त्याने शटर खाली ओढलं, कुलूप लावलं आणि रोजच्यासारखी किल्ली बाहेर स्टुलावर बसलेल्या बापापुढे धरली. सासऱ्यांनी हात पुढे केला नाही. तो तसाच उभा राहिला तेव्हा त्यांनी आपल्या डाव्या हाताने त्याचा हात धरला, किल्लीवर त्याची बोटं एकेक करून मिटवली आणि मूठ त्याच्याच छातीकडे ढकलली. म्हणाले, "ॲक्च्युअली." आखूड, सपाट, कुठेही न लांबवता.

"घाई नाही, बाबा," मेहुणा म्हणाला. "राहू दे अजून. मी सांगतो त्याला, नाही द्यायचं म्हणून. आपण चालवू. मी चालवीन."

सासऱ्यांनी पुन्हा ती मूठ ढकलली आणि तोच शब्द तसाच म्हणाले. मेहुण्याने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" सासूबाई म्हणाल्या. "हो म्हणतायत ते. देऊन टाक म्हणतायत."

एवढे दिवस हेच 'हो' मागत फिरलेला माझा मेहुणा किल्ली मुठीत घेऊन बंद दुकानाच्या पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. सासरे काठी टेकत त्याच्याजवळ गेले, काठी माझ्याकडे दिली आणि मोकळ्या झालेल्या हाताने त्याची पाठ थोपटत तो शब्द पुन्हा पुन्हा हळू आवाजात म्हणत राहिले. ते काय म्हणत होते हे आमच्यापैकी कोणी कोणाला विचारलं नाही.